कंसातले आवाज

पौड फाट्याला दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस:
तीन खुर्च्या, एक कूलर आणि जगभरचं रडणं.
सिनेमातले संवाद दुसरे लोक करतात,
माझ्याकडे येतात फक्त कंसातले आवाज.
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी
कोण कसं रडलं ते मी मराठीत लिहिते.
मिनिटाला अठ्ठावीस रुपये.

सॉब म्हणजे हुंदका, हे पहिल्याच दिवशी ठरलं.
व्हिंपरला मी मुसमुस दिलं,
मग एका कुत्र्याने व्हिंपर केलं आणि अडले.
कुत्रं मुसमुसत नाही, कुंई कुंई करतं.
इंग्रजीत कुत्र्याला आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईला
एकच शब्द पुरतो.

व्हाइनला मात्र मराठी नुसती उतू जाते:
पिरपिर, किरकिर, भुणभुण, रडगाणं.
आमच्या सोसायटीच्या तक्रार वहीत
सबनीसांची पाण्याबद्दलची कुरकुर वेगळी,
टिपरेबाईंची चपलांच्या स्टँडबद्दलची धुसफूस वेगळी,
अक्षरावरून ऐकू येते.
‘सविनय’पासून सुरू होते ती खरी पेटलेली.

शनिवारी मी सहकारनगरला जाते, कालिंदीआत्याकडे.
चौथ्या वर्षी ताप आला, तेव्हापासून तिला ऐकू येत नाही.
ती ओठ वाचते.
मी लॅपटॉप पुढे ठेवला:
एक बाई, पांढरा ओटा, हातातून पडलेला फोन,
आणि खाली कंसात माझा शब्द, हंबरडा.
‘हे कसं असतं?’ तिने विचारलं,
तिच्या त्या सपाट, जरा वरच्या पट्टीतल्या आवाजात.
गाय, मी म्हटलं. वासरू गेल्यावर.
‘गाईला तोंड उघडताना पाहिलंय.
जांभई देते तसं.’

मग मी एकेक शब्द म्हणून दाखवला, इंग्रजीसुद्धा.
तिने ओठ वाचून लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं:
वेल. बॉल. मौन.
मला हसू आलं. अगं, वेल म्हणजे आक्रोश,
मांडवावरची वेल नाही. बॉल म्हणजे भोकाड.
आणि ते मोन आहे, मौन नाही. मोन म्हणजे कण्हणं.
तिने वेल खोडलं, बॉल खोडलं,
मौन तसंच ठेवलं.

‘आप्पांच्या वेळी वैकुंठात,’ ती म्हणाली,
‘सगळ्यांची तोंडं सारखीच उघडी.
मला बघवेनात, म्हणून मी पाठी बघत होते.
तुझ्या बाबाची पाठ भात्यासारखी,
फुगायची आणि रिकामी व्हायची.
थोरल्या वहिनीची अजिबात हलत नव्हती,
नुसती मान, तीही एका बाजूला.
विमलचे खांदे थांबायचे,
कोणी नवीन आलं की परत सुरू.
यांना काय काय लिहिशील?’

बाबांना हमसणं, मी म्हटलं. काकूला कढ.
विमलमावशीला काही लिहिलं नाही, दोघी हसलो.

‘आणि मला?’

मी सात वर्षांची होते. तिच्याच शेजारी.
मला तो आवाज आठवतो,
तिच्या घशातून आलेला, माणसाचा वाटेना असा.
लाकडं रचणाऱ्याने हात थांबवले होते.
त्याला हुंदका म्हणता येत नाही, टाहो म्हणता येत नाही,
इंग्रजीही धुंडाळून झाली.
अकरा वर्षं मी हेच काम करते आहे.

‘तू गप्प होतीस,’ मी म्हटलं,
ओठ नीट, सावकाश हलवत.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली,
वाक्य संपल्यावरही.
मग चहाचं आधण ठेवायला उठली,
आणि पाठमोरीच म्हणाली,
‘मग तुझ्या आईने
माझ्या तोंडावर पदर का धरला होता?’

मी उत्तर दिलं.
तिची पाठ होती माझ्याकडे,
दूध वर येत होतं,
आणि तिने ते न ऐकताच
वेळेवर गॅस बंद केला.