मापाची वही

लोटनशेठ म्हणाले, पंचेचाळीस सदरे,
पुढे आकडा, मागे आकडा,
संघाचं नाव मागाहून कळवतो.
मी म्हटलं, बँडपथक काढताय का?
नाही निकुंभ, पगारी टीम. अमेरिकन फुटबॉलची.
आणि शिलाईच्या टेबलावर ठेवला तो चेंडू,
दोन्हीकडून निमुळता,
तापीच्या वाळूतलं कोवळं डांगर.
मी टेप लावला. सवयच ती.
उभा घेर अठ्ठावीस, आडवा एकवीस.
वहीत पहिलं माप चेंडूचं आहे.

मग फैजपूरच्या स्टँडसमोर, माझ्या दुकानात,
पोरं यायला लागली, चपला बाहेर काढून.
रुबाब तडवी, छाती छत्तीस.
सावद्याच्या धक्क्यावर वॅगनी भरायचा,
खांद्यावर घड घेऊन पळायचा
आणि एका फणीला डाग नाही.
"हा तर एकच शे," म्हणाला चेंडू बघून.
ईश्वर आणि उखर्डू, जिनिंगचे हमाल,
त्यांना ती प्लॅस्टिकची कवचं चढवली
तर टेप संपला,
उरलेलं सुतळीनं मोजलं.
अक्राणीचा हिरामण पावरा
श्वास कोंडून उभा.
अरे, सोड की.
"सोडला तर घेतील का?"
घेतलंय तुला, कागद झालाय.
तरी सोडेना. सदतीस लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.

करार स्टँपपेपरवर. महिना चौदा हजार,
हाड मोडलं तर दवाखाना शेठचा.
उखर्डूची आई विचारायला आली,
"खरं सांग दादा, हे नोकरी का खेळ?"
पगार आहे, मावशी.
"मंग लोकायले काय सांगू, काय काम करतो?"
समोरच्याला अडवतो.
"ते तर तो घरातबी करतो. फुकट."

बंद जिनिंगच्या मागे मैदान.
सरकीचा जुना वास, फक्कीच्या ताज्या रेघा.
झोपे सर अठरा वर्षं ओहायोत राहून आलेले,
गुडघा तिकडेच ठेवून आल्यासारखे चालतात.
म्हणाले, चार डाव, दहा वार.
वार म्हटल्यावर माझे कान उभे राहिले.
नऊ वार लुगडं मी एका हिसक्यात उलगडतो गिऱ्हाइकापुढे.
इथे दहासाठी अकरा जण अंगावर घ्यायचे,
आणि हाताला लागतं दीड,
तेसुद्धा पंच साखळी ताणून मोजतो.
साखळी बघितली, मग माझा विश्वास बसला.

मे महिना. पंचेचाळीस अंश.
टोपाच्या जाळीला हात लावला तर चटका.
तीन पोरं पळून गेली, एक रात्री परत आलं.
चेंडू फेकायला मयूर बऱ्हाटे, कंडक्टरचा मुलगा.
डावांची नावं त्यानं बापाच्या गळ्यातून घेतली:
न्हावी! मारूळ! हंबर्डी, हंबर्डी!
न्हावी म्हणजे डावीकडून पळ,
मारूळ म्हणजे लांब फेक,
हंबर्डी दोनदा म्हणजे
काही ठरलेलं नाही, सावरा.

नावासाठी तीन बैठका झाल्या.
शेठच्या पोराला वाघ पाहिजे होता,
भागीदाराला केळी,
कुणीतरी भरीत म्हणालं आणि चहा सांडला.
सदरे कोऱ्या छातीनंच गेले.

पहिला सामना सुरतच्या संघाशी.
वीस रुपये तिकीट, अर्धे लोक फुकट, भिंतीवर.
पहिल्या तासभर सगळे विचारत होते, गोल कुठे आहे?
तिसऱ्या भागात हंबर्डी दोनदा ऐकू आलं.
रुबाब निघाला, खांदा जरा वाकडा,
घड असल्यासारखा,
आणि फक्कीपार गेल्यावर
त्यानं चेंडू आपटला नाही, हळूच खाली ठेवला.
सहा, म्हणाला माईकवाला.
भिंतीवरच्यांना वाटलं सिक्सर, त्यांनी शिट्ट्या वाजवल्या.
आम्ही एकेचाळीस–सहानं हरलो.

सोमवारी गठ्ठा दुरुस्तीला आला.
बगला उसवलेल्या, माती, रक्ताचा एक ठिपका,
कुणाचा ते आकड्यावरून कळलं, मी बोललो नाही.
शेठकडे अजून अर्धे पैसे बाकी आहेत
आणि नावसुद्धा.
हिरामणला म्हटलं, ये, परत माप घेतो.
हात वर करून तो उभा राहिला,
बाहेर यावलची गाडी लागत होती, तिच्याकडे बघत.
एकोणचाळीस.
प्रश्नचिन्ह खोडलं.