हललेली प्लेट

एकाहत्तर साल. परळचं इस्पितळ, तळमजला.
कागदावर लिहिलेलं: अबिगाईल सॉलोमन नागावकर,
वय पासष्ट, जिन्यावरून पडली.
मी सहज विचारलं, कितव्या पायरीवरून?
"आजच्या, की अठ्ठावीस सालच्या?"

अंधारखोलीत, तांबड्या दिव्याखाली
हाडं हळूहळू वर आली.
ताजा मोड एक. जुने सात.
इतकं सांधलेलं माणूस मी तोवर
गोदीतल्या हमालांतच पाहिलं होतं.

उजेडाच्या पेटीवर प्लेटा लावल्या
तशी ती स्टूल ओढून पुढ्यात बसली,
चार आणेवाल्या पब्लिकसारखी, मान वर करून.

"ही हासळी. टांग्यातून पडले.
घोडा बुजला, कॅमेरावाला ओरडला,
उठू नको बत्ताशी, छान दिसतंय!
हे मनगट. हिरोने खुर्ची ओढली.
सतरा वेळा ओढली,
कारण त्यालाच हसू आवरेना.
आणि हे माकडहाड.
नाव तर बघ मेल्याचं,
आमच्याच धंद्यातलं."

पडद्यावर ती मिस बत्ताशी.
महिना साठ, वर दर पडण्याला दीड रुपया,
पाण्यात पडल्यास दोन.
बाप नागावचा, घाणी मोडून भायखळ्यात आलेला.
म्हणाला, पोरी, नाचू नकोस.
ती म्हणाली, नाचत नाही बाबा, पडते.
त्याने रात्रभर विचार केला.
पडण्याविरुद्ध शास्त्रात काही सापडलं नाही.

"मग बोलपट आले.
तोवर मी पडायचे ती बिनआवाजी,
बाजाची पेटी वाजायची, लोक लोळायचे.
आता माइक लावला, तर धप्प ऐकू आलं.
मागून माझं 'आई गं'सुद्धा.
थेटर गप्प.
लागलं हे कळलं ना, की कुणी हसत नाही रे."

त्यानंतर तिने ग्रँट रोडला
एका शिंप्याकडे काजी-बटणं केली. एकवीस वर्षं.
हे तिने एका वाक्यात उरकलं.

चित्रपट बावीस. हाती एकही नाही.
कंपनी बुडाली, डबे वजनावर गेले,
चांदी काढून घेतली, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या झाल्या.
"भुलेश्वरला डझनभर घेतल्या मी.
उन्हात धरून बघितल्या,
कुठे पडताना दिसते का."

मी काही बोललो नाही.
आमच्याही रद्द प्लेटा पोत्यात भरून
दर सहा महिन्यांनी चांदीवाला नेतो.

शेवटची प्लेट छातीची.
थंड पत्र्याला तिला टेकवली,
काचेमागे जाऊन रोजचं म्हटलं:
श्वास घ्या. रोखा. अजिबात हलू नका.

"अरे देवा," ती म्हणाली,
"बारा वर्षं पडद्यावर होते,
हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही!"
आणि हसली. बटण दाबलं गेलं होतं.

धुतल्यावर पाहिलं: बरगड्या दुहेरी,
एक ओळ जागेवर, एक जरा वर,
काळीज तर नुसता धूर.
दुसरी काढली. ती नीट आली,
डॉक्टरांकडे गेली.

पहिलीवर मी नियमाप्रमाणे लिहिलं,
'रद्द. पेशंट हलला.'
पोत्यात मात्र टाकली नाही.
गुंडाळी करून, छत्रीच्या आत घालून घरी नेली.
साहेबाने हिशेब लावला,
पगारातून पावणेतीन रुपये कापले.

सोमवारी ती प्लास्टर दाखवायला आली,
डाव्या हातात मलिद्याची पुडी, नवस फेडलेला.
बोलता बोलता मी दंडाचं सांगितलं.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे हसण्याचा भाव
पडण्यापेक्षा जास्त निघाला," म्हणाली,
"आणि कंपनीवाल्याने मला
कधी पत्ता लागू दिला नाही."