त्यांचा सात

वडगावात शेजारचे माग थांबले
तरी माझ्या खोलीत दिवा.
कुणी कधी कुठली ओळ बदलली
याची नोंद ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर
एखाद्या कमिटला मधूनच
सन २०९१ ची तारीख लावतं.
माझ्या मशीनवर कधीच नाही.
गोकाकला बसण्णेप्पाच्या मशीनवर,
तेही दहातून दोनदा.

तिसऱ्या रात्री सापडलं:
एक व्हेरिएबल, नाव दिलेलं,
किंमत द्यायची राहिलेली.
रिकामं नव्हतं ते. त्या जागेत
आधीच्या कुणाचं तरी उरलं होतं.

आमच्या आधी त्याच वर्गात
कन्नड शाळा भरायची.
फळ्याच्या कोपऱ्यात राहिलेला त्यांचा सात
मी एकदा माझ्या बेरजेत धरला.
होनगेकर गुरुजींनी छडी उचलली नाही.
"पोरी, चूक त्या साताची न्हवं.
त्यांच्या गणितात तो बरोबरच हाय की.
तू फळा पुसून घ्यायचा हुतास."

एका ओळीच्या शेवटी
बरोबरचं चिन्ह, शून्य, अर्धविराम.
कमिटच्या निरोपात काय लिहावं
ते मात्र बराच वेळ सुचेना.

पहाटे बसण्णेप्पाचा फोन:
"आय्तु," मग माझ्यासाठी, "झालं बघा."

किती वेळा चालवलंस?
"दहा."
अजून वीसदा चालव.