कडवणी

सबखा मट्टी.
नाव ऐकून वाटलं, निदान माती तरी असेल.
माती नाही. पांढरं कवच आहे,
पाय ठेवला की पापडासारखं मोडतं,
खाली ओलं, राखाडी, वजन न पेलणारं काहीतरी.
सिला गावातून सालिम मला पहाटे आणून सोडतो
तळ्यांपाशी. बारा तळी.
पहिल्यात समुद्र. सहाव्यात मीठ.
बाराव्यात जे उरतं ते तेलासारखं जड,
जिभेला लावलं तर
दुपारपर्यंत तोंड वाकडं.

मला ही चव ठाऊक आहे.

धरमतरच्या खाडीला आमच्या सात कोंड्या होत्या.
मीठ ओढून झालं की तळाशी कडवणी राहायची.
बाबा फावड्याने बांध फोडत,
"जाऊंदे ती खारीन, गुरा पन नाय पीत."
आणि ती जायची, तांबूस, सावकाश,
कुठल्याही वहीत न येता.

आता तिची वही मी ठेवतो.

शाळेत फळ्यावर होतं: नत्र, स्फुरद, पालाश.
पळसाला पाने तीनच, म्हणून मास्तर स्वतःच हसले होते.
तिसरं पान आपल्याकडे उगवत नाही,
बोटीने येतं.
म्हणून दिल्लीत वर्षातून दोनदा
कोणीतरी किलोमागे रुपये-पैसे ठरवतं,
आणि तासगावच्या बागेत घडाची साखर
त्या पैशांसाठी थांबून राहते.
दुकानदार म्हणतो, झिरो झिरो पन्नास आलं नाही.
कुठून आलं नाही,
हे कोणी विचारत नाही.

मंगळवारी शिष्टमंडळ आलं.
टेबलावर दोन देशांचे झेंडे,
एसीच्या वाऱ्याने एकमेकांत गुंतलेले.
किती वर्षं पुरेल? टनाला काय पडेल?
वीस वर्षांचा करार लिहिता येईल का?
अफरा अल-मझरूई म्हणून एक बाई होत्या, मंत्रालयातल्या.
त्यांनी बूट बदलले, बाराव्या तळ्यापर्यंत चालत गेल्या,
परत येऊन म्हणाल्या: दाखव.

मी बर्नर पेटवला. तार कडवणीत बुडवून ज्योतीत धरली.
पिवळा भडका.
हे मीठच, मी म्हटलं, उरलंसुरलं,
पण दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही.
मग निळी काच दिली डोळ्यापुढे धरायला.
पिवळं विझलं. मागे एक जांभळी रेघ,
आहे-नाहीशी.
"एवढंच?"
"एवढंच."
त्या बराच वेळ काच धरून उभ्या होत्या.
त्यांच्या आजोबांचे दोन उंट या सबख्याने गिळले होते,
तेव्हापासून घरात हिचं नाव घेत नसत.
साहेब घड्याळ बघत होते.

संध्याकाळी मसुदा आला.
माझं शून्य दशांश नऊ तिथे "सुमारे एक" झालं होतं.
सुमारे हा शब्द हलका,
जड पाण्यावर तरंगतो,
त्याच्यावर बसून माणसं वीस वर्षं पलीकडे जातात.
मी परत नऊ लिहिलं. पाठवलं.
कोण वाचेल, माहीत नाही.

रात्री बाबांचा फोन.
"काय करतंस तिकरं?"
तुम्ही टाकलेलं पाणी मोजतो.
ते हसले नाहीत.
"कोंड्या किती?"
बारा.
"बांध कशाचा?"
प्लास्टिकचा, आत काळा कागद.
"किरव्या भोका पारतान का?"
नाही बाबा, इथे किरवी जगत नाही.
"मंग टिकल," म्हणाले.
तंबाखू मळल्याचा आवाज. टीव्हीवर कोणीतरी ओरडत होतं.
मला वाटलं, ठेवला फोन.

"पन मंग," बाबा म्हणाले,
"तिथं जगतं काय?"