शेरा

डंडीत नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो.
बुधवारी सहाला, ग्रंथालयाच्या तळघरात
आम्ही सातजण: चार इतिहासाचे, दोघी तत्त्वज्ञानाच्या,
आणि एक फ्रेंच शिकणारा मुलगा,
जो फक्त हीटरसाठी येतो.
एल्स्पेथबाई शिकवतात. आधी त्या जुनी दप्तरं सांभाळायच्या;
अजून माऊससुद्धा असा धरतात,
जसं जीर्ण पान कडेनं उचलावं.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, आपापलं नाव छापून बघा.
मी देवनागरीत लिहिलं. तन्मयी.
अक्षरं तीन. पडद्यावर उमटली
सहा प्रश्नचिन्हं.
"त्याला कुणी सांगितलेलंच नाही
की अशीही अक्षरं असतात. सांग."
एक ओळ लिहून सांगितलं. ऐकलं त्यानं.
बँकेत, दवाखान्यात, घरमालकाच्या फॉर्मवर
ही एक ओळ कुठे लिहायची, ते मात्र
अभ्यासक्रमात नव्हतं.

बाबांना फोनवर म्हटलं, कोडिंग शिकतेय.
परभणीत जणू गुलाल उधळला.
"सुटला ना मग इतिहास एकदाचा?"
नाही बाबा. त्याच्यासाठीच शिकतेय.
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग, "जेवलीस का?"

माझ्या वाट्याला आलीय तागाच्या गिरणीची हजेरीवही,
अठराशे एक्क्याण्णवची.
ताग बंगालचा, भोंगा इथला,
कारकुनाचं अक्षर मुंग्यांना शाई लागल्यासारखं.
चौदाशे बारा ओळी टंकल्या मी:
कातणाऱ्या, विणणाऱ्या, बॉबिनी बदलणाऱ्या.
एकीच्या नावापुढे नुसतंच "बहिरी".
पगारात फरक नाही.

मग दुबार नोंदी गाळायला शिकले.
नाव तेच, पत्ता तोच, तर बाई एकच,
असं मीच सांगितलं यंत्राला.
डोळ्याचं पातं लवायच्या आत
एक्केचाळीस बायका कमी.
मी चक्क टाळी वाजवली.

पर्थ रोडनं खोलीवर आले, टे नदीचा वारा कानात.
भात लावला,
आणि कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला
मनात काहीतरी खुट्ट झालं.

सकाळी मूळ वही मागवली.
मॅगी ड्यूअर, लॉखी, घर नंबर नऊ.
मॅगी ड्यूअर, लॉखी, घर नंबर नऊ.
पहिलीचं वय चौतीस. दुसरीचं अकरा.
अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस साचा, पगार अर्ध्याहून कमी.
आईचंच नाव लेकीला द्यायची इकडे रीत.
यंत्र चुकलं नव्हतं. सांगितलं तेवढं केलं त्यानं:
लेक आईत मिसळून टाकली,
जशी ती रात्री, दमून, एकाच घोंगडीत
बहुधा मिसळत असेल.

बाईंना सांगताना माझा आवाज चिरकला.
त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या,
"तीस वर्षं ही पानं उलटली मी.
मला नाही दिसली ही पोर.
एकदम एक्केचाळीस गेल्या, म्हणून तू शोधायला गेलीस."
हे कौतुक होतं की कबुली, कळलं नाही.

बत्तीस खरंच दुबार निघाल्या. नऊ नाही.
नऊजणींना परत बसवलं, वय ताडून, एकेक.
मग बाईंनी दाखवलं ते आडव्याउभ्या रेघांचं चिन्ह:
ओळीच्या आधी दिलं, की पुढचं
यंत्र वाचत नाही.
ते असतं आपल्यानंतर येणाऱ्या माणसासाठी.
म्हणजे शेरा, म्हटलं मी.
वहीतही शेवटचा रकाना त्याचाच होता,
बहुतेक जागी कोरा.

फ्रेंचवाला हीटरपासून उठून आला,
माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागला.
"काय लिहिलंयस?"
या वेळी प्रश्नचिन्ह फक्त त्याचं होतं.

# हिला गाळू नका. ही मुलगी आहे.