पोर्ट नऊशे एक

सित्रा. जिन्याखालची खोली, पाण्याच्या बाटल्यांची खोकी,
त्यांच्यामागे सर्व्हर,
त्याच्या डोक्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलाय.
रात्रीचे दीड. एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब,
आणि मी ब्राउझरला विचारतोय,
नऊशे एक नंबरच्या दाराशी कुणी आहे का.

ब्राउझर म्हणतो, कनेक्शन नाकारलं.
म्हणजे घर आहे, दार आहे,
आतून कुणीतरी नाही म्हणतंय.
उत्तरच न येण्यापेक्षा नकार केव्हाही बरा,
हे नोकरी शोधताना शिकलो होतो.

सहाला लाँच सुटते. बाहेर नांगर टाकून बसलेल्या जहाजाला
कांदे हवेत, दोरखंड हवेत, प्यायचं पाणी हवंय,
आणि गेटपासची यादी ज्या फोल्डरात आहे
तो नव्या कारकुनाला, जाफरला, उघडत नाही.
"मला फक्त एक हिरवं बटण दाखव," म्हणाला,
आणि घरी जाऊन झोपला.

फायरवॉल पाहिली. तिचा दोष नव्हता.
सर्व्हिस रीस्टार्ट केली, तीनदा,
तिसऱ्यांदा नुसतीच,
खरखरणाऱ्या रेडिओला चापट मारावी तशी.
लॉगमध्ये गेल्या वर्षीची एक ओळ, पुढे काही नाही.
शेवटी ती फाइल सापडली, बारा ओळींची:
डिसेबल बरोबर यस.
आणि खाली, फक्त एकशे सत्तावीस शून्य शून्य एककडून.
म्हणजे यंत्राने फक्त स्वतःचंच ऐकायचं.
अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत.

यसचं नो केलं. ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता जोडला.
पान उघडलं!
जुन्या वळणाचं, राखाडी बटणांचं,
पण सगळे फोल्डर रांगेत हजर.
मी टाळी वाजवली. एकच.
जाफरचं नाव घातलं,
'बदल कायम करा'वर बाण नेला,
आणि नक्कल काढून ठेवावी म्हणून
मूळ फाइल उघडली.

हॅशच्या खुणेमागे, जिथे यंत्र वाचत नाही,
इंग्रजी अक्षरांत कोकणातलं मराठी:

# मर्सीबाईंचा फोल्डर. नाव मोठ्या अक्षरांत ठेव, एका डोळ्याने दिसत नाय.
# रॉडेलला लिहायचा हक्क देऊ नको. माणूस चांगला, रागात डिलीट करतो.
# हा फोल्डर रिकामा हाय. मालक रोज उघडतो. भावाने बनवलेला. काढू नको.
# वेबचं पान बंद हाय तो बिघाड नाय. सेव्ह केलं की ते या सगळ्या ओळी पुसतं.
# माझ्या एकदा पुसल्या. आठवून आठवून परत लिहिल्या.
# शौकत सरगुरोह, हर्णे

या माणसाला मी पाहिलेलं नाही.
तो गेला त्याच महिन्यात मी आलो,
खुर्चीची उंची अजून त्याच्याच मापाची आहे.
पाय टेकत नाहीत माझे.

दोन तास मी जे दुरुस्त करत होतो
ते बिघडलेलंच नव्हतं.

नोचं पुन्हा यस.
एडिटरमध्ये, हाताने, एक स्वल्पविराम,
त्यापुढे जाफर.
तपासणीचा हुकूम दिला, फाइल ठीक आहे म्हणाली.
त्या ओळीवर मीही एक हॅश घातला
आणि बराच वेळ थांबलो.
पासवर्ड सोडून मी मराठीत शेवटचं
काय टाइप केलं होतं?
# जाफरला हिरवं बटण हवं होतं. इथे नाही. चहा पाज, समजावून सांग.

बांग झाली. जिन्यावर कुणाच्या तरी चपला.
फाइल बंद करायला तळाशी गेलो
तर तिथे, सगळ्या फोल्डरांच्या खाली, कशाशीच संबंध नसलेली,
त्याची आणखी एक ओळ:

# एसीची बादली चारला भरते.

घड्याळात चारला पाच कमी.
उठलो.