किंचित ओल

कुंदा वायंगणकरांनी बटणांच्या डबीतून
माझंच काम मला परत आणून दिलं.
कणीएवढं, पिवळसर, कडेला चहाची रेघ.
"दोरा तोडला दातानं, तर हे सुटलं.
कात्री शेजारीच होती हो," म्हणाल्या,
जणू चूक त्यांचीच.

तीन वर्षं, दोन महिने.
कार्डावर माझी सही. अक्षर तेव्हा बरं होतं.

भिंगाखाली धरलं.
भरलेलं शाबूत, दात शाबूत,
सुटला तो मधला थर,
केसाच्या विसाव्या हिश्श्याचा,
ज्याला नाव आहे
पण बोट ठेवून दाखवता येत नाही.

तेव्हापासून भायखळ्याच्या या तिसऱ्या मजल्यावर
ओपीडी आटोपली की मी बरण्या उघडते.
थायमॉलच्या पाण्यात अक्कलदाढा.
कुणा माझगावच्या फिटरची,
कुणा मुलीची, परीक्षेच्या आदल्या रात्री गाल सुजलेल्या.
नावं नाहीत, नुसते आकडे. नियमच आहे तसा.
तरी बेचाळीस नंबर मी लांबून ओळखते.
तिची मुळं हात जोडल्यासारखी.

हरेश्वर तांडेल हिऱ्याच्या पात्यावर दात कापतो.
काडेपेटीतल्या काडीहून बारीक काड्या
ओळीनं मांडून ठेवतो, फुंकर न घालता.

त्याआधी माझं काम. आम्ल, पंधरा सेकंद.
धुणं.
आणि इथून पुढे पुस्तक जरा पुटपुटायला लागतं.
फार वाळवलं तर आतल्या तंतूंचं जाळं बसतं,
राळेला वाटच उरत नाही.
पाणी राहिलं तर राळ पाण्यावर बसते,
दाताला वाटतं, धरलं.
हवी असते किंचित ओल.
किती किंचित?
"चमकलं पाहिजे, वाहता कामा नये,"
आमच्या मॅडम म्हणायच्या, आणि खुर्चीवरचा दिवा
थोडा तिरका करायच्या.

हरेश्वरचे आजोबा वरळीला होडीच्या सांध्यांत
कापूस ठोकून राळ भरायचे.
फळी तयार झाली हे कसं कळायचं त्यांना?
"गाल लावायचे फळीला."
पातं पुन्हा सुरू.
मग बऱ्याच वेळानं, पात्याच्या आवाजावरून ओरडून,
"आणि दरसाल भरायचे, ताई!
होडी फसली असं कुणी नाही म्हणायचं."

मला उशिरा कळलेली गोष्ट अशी.
पाणी बाहेरून येतं,
खाणारं मात्र आतच असतं.
दात घडला तेव्हापासून दातातच झोपलेलं.
आम्ल लागलं की ते कूस बदलतं,
राळ पोचली नाही तिथल्या उघड्या धाग्यांवर
सावकाश, महिनोन्महिने, जेवत राहतं.
मीच उठवते त्याला.
पंधरा सेकंदांत.

म्हणून अर्ध्या नमुन्यांना एक थेंब औषध,
ते पुन्हा निजावं म्हणून.
मग यंत्रात. पाच अंश, पंचावन्न अंश,
पाच अंश, पंचावन्न अंश,
रात्रभर, दहा हजार वेळा,
कुल्फीवर चहा, चहावर कुल्फी,
न बोलणाऱ्या, न हसणाऱ्या तोंडांसाठी.
वर्षभर पाण्यात ठेवून काड्या ओढल्या.
प्रत्येक तुटताना टिक् करते,
नखानं नख मारल्यासारखी.

औषध नसलेल्या निम्म्यावर आल्या.
औषधाच्या थोड्या वर राहिल्या.
प्रबंधात मी लिहिलं, "लक्षणीय फरक".
हरेश्वरनं वाचून विचारलं, म्हणजे टिकतं?
म्हटलं, उशिरा सुटतं.
तो म्हणाला, मग तसंच लिहा की.

परवा कुंदाबाई तपासणीला आल्या.
मी आरसा फिरवला, टोकदार सुईनं कड चाचपली.
सुई कुठे अडकली नाही.
"आता किती वर्षं?"
खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही,
पुढच्या मार्चमध्ये पुन्हा दाखवा.
"कात्रीच वापरते हो आता."

दारापाशी पोचून वळल्या.
माझ्या ॲप्रनच्या बाहीला दोरा लोंबत होता.
मनगट धरलं माझं, वाकल्या,
आणि मी नको म्हणायच्या आत
कट्‌कन तोडला.